अकरा महिन्यांचं कुरण

१ ऑक्टोबर

आजपासून थेडी हेहिरचं मोठं कुरण माझं. माझं म्हणजे अकरा महिन्यांसाठी. आमच्या क्लेअर परगण्यात जमीन कुणी बारा महिने देत नाही. बारावा महिना लागला की कूळ चिकटतं, मग ते देवाच्या बापालाही हलवता येत नाही, असं इथल्या प्रत्येक बापानं मुलाला सांगून ठेवलंय. त्यामुळे जो येतो तो अकरा महिन्यांत जेवढं ओरबाडता येईल तेवढं ओरबाडतो आणि जातो. थेडीच्या कुरणाचं असंच झालंय. वर लव्हाळा, खाली शेवाळ आणि मधे चिखल.

असुंताला फोन करून सांगितलं. धाकटी बहीण असून ती माझ्याशी आईसारखी बोलते. म्हणाली, "अगं डेलिया, लिमरिकमध्ये जन्मभर बस चालवलीस, आता जरा निवांत बस ना."

"बस चालवणारीला बस म्हणू नये," मी म्हटलं. ती हसली नाही. विनोद चांगला होता.

माझी पद्धत साधी आहे. विजेच्या तारेनं कुरणाचे पट्टे पाडायचे. कालवडी आज या पट्ट्यात, उद्या पुढच्या. अर्धं गवत खायचं, अर्धं मागे ठेवायचं, आणि ते पुरतं वर येईपर्यंत त्या पट्ट्याकडे पुन्हा फिरकायचं नाही. इथले लोक एप्रिलमध्ये फाटक उघडतात आणि थंडी पडली की बंद करतात. याला ते चराई म्हणतात.

थेडीला सांगितलं की वसंतापर्यंत मी इथं एक खूर पडू देणार नाही. कालवडी घरच्या गोठ्यात राहतील.

"म्हणजे भाडं भरून रिकामं ठेवणार?"

"विश्रांती देणार."

"कुणाला?"

"कुरणाला."

त्यानं वळून कुरणाकडे पाहिलं. ते आजारी आहे हे त्याला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं बहुतेक. थेडी सदुसष्ट वर्षांचा, म्हणजे माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. लग्न केलं नाही, आई गेल्यापासून एकटाच. बोलायला पैसे पडतात अशा बेतानं बोलतो.

११ मार्च

आज कालवडी बाहेर काढल्या. अख्खा हिवाळा गोठ्यात काढलेल्या, त्यामुळे शेपट्या वर करून उधळल्या, आणि सगळ्यात शहाणी समजत होते ती पांढऱ्या तोंडाची सरळ तारेवर गेली. झटका बसल्यावर माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच चावले. आता तार कुठं आहे हे सगळ्यांना कळलंय.

थेडी फाटकाबाहेर उभा होता. कोपर फाटकावर, टोपी कपाळावर. आला कधी कळलं नाही, गेला तेव्हा नुसती मान हलवली. जमीनमालक असे चुका शोधायलाच येतात. शोधू दे.

२९ मार्च

आठवडाभर पाऊस. फाटकाशी एवढा चिखल की माझा बूट आत राहिला आणि पाय बाहेर आला. पहिले चार पट्टे नांगरल्यासारखे दिसतात. कालवडी गुडघ्यापर्यंत माखलेल्या, मी कमरेपर्यंत.

इथं खरं लिहायला हरकत नाही. आज मला वाटलं की मी मूर्ख आहे. पुस्तकं वाचून, सल्लागारांची व्याख्यानं ऐकून कुणी गुराखी होत नाही. आईची जमीन म्हणजे घरामागे दोन रुमालांएवढी. थेडीचं कुरण आहे तोवरच माझ्या कालवडी आहेत. हे साधलं नाही तर त्या बाजारात उभ्या करायच्या, आणि मग मी कोण? बसमधून उतरलेली एक बाई.

थेडी भिजत उभा होता. हे मात्र बघायला बरोबर येतो.

२ एप्रिल

फाटकाशी कुणीतरी खडी टाकलीय. चांगली दाबून, चाकोरी भरून. रस्त्याच्या खात्याची माणसं असणार. आली एकदाची शुद्धीवर.

२० एप्रिल

सोसायटीच्या दुकानात खुंट आणायला गेले. तिथं नेहमीचं टोळकं उभं होतं. डाउन्सही होता. डाउन्स म्हणजे इथला मोठा दूधवाला. त्याच्या गायी किती ते त्यालाही मोजून सांगावं लागेल. जमीन मिळेल तिथं घेतो आणि पिळून टाकतो.

"काय डेलियाबाई," तो म्हणाला, "रोज नवा थांबा म्हणे. गायींना तिकिटं फाडता की पास दिलेत?"

"फाडते," मी म्हटलं. "तुमच्या विनातिकीट आहेत, म्हणून बिचाऱ्या अजून स्टँडवरच उभ्या."

सगळे हसले. काउंटरवरची मुलगी सर्वांत जोरात हसली, कारण डाउन्स तिचा मामा आहे. खुंट घेऊन मी मान वर करून बाहेर पडले. गाडीत बसल्यावर आठवलं, तारेचं रीळ आत राहिलं. परत गेले नाही. उद्या असुंताला पाठवीन.

९ मे

आज लिहायला हात शिवशिवतोय.

ओढ्याकडच्या पट्ट्यात गुडघ्यावर बसून फावड्यानं मातीचा एक चौकोन काढला. शरदात असाच काढला होता तेव्हा हाताला लागला होता निळसर, वास मारणारा चिकटा. आज माती काळी, कण्या कण्या झालेली, आणि गांडुळं इतकी की मी मोजायची सोडून दिली. लव्हाळा मागे हटलाय. मधे मधे पांढरं क्लोव्हर, गुरांना आवडणारं ते तीन पानांचं गवत, आलंय. मी पेरलेलं नाही. इतकी वर्षं खाली दबून वाट बघत होतं, त्याला कुणी डोकं वर काढू देत नव्हतं.

हे मी केलं. दुसऱ्या कुणी नाही. इथं नम्रपणा करायचं कारण नाही, वही माझीच आहे.

फावड्यावरचा चौकोन थेडीला नेऊन दाखवला. त्यानं मातीत बोट घातलं, नाकाशी नेलं. मग म्हणाला, "आईच्या वेळी असा वास यायचा."

मी म्हटलं, "येणारच. पद्धतच तशी आहे."

तेवढ्यात लक्षात आलं की त्याचा सदरा इस्त्रीचा आहे. दाढीही केलेली. कुठं तरी मयताला जायचं असेल.

जाताना विचारलं, "उद्या कुठला पट्टा?"

"काटेरी झुडपांशेजारचा."

"कधी?"

"नेहमीचंच. चहा झाल्यावर."

मला कळतं हे. मी कुठं कधी असते याची माहिती काढतोय. म्हणजे मी नसताना दुसऱ्या कुणाला कुरण दाखवायला बरं.

२८ मे

माझा संशय खरा ठरला. आज जरा लवकर पोचले तर फाटकाशी डाउन्सची जीप. डाउन्स आत, माझ्या गवतातून हात फिरवत चाललेला. थेडी बाहेर.

"सुधारलंय बरं का," डाउन्स मला म्हणाला. "छान सुधारलंय. थेडी, ऑक्टोबरपासून मी घेतो हे. बाईंपेक्षा जास्त देईन, तुला माहितीय."

यालाच म्हणतात आयत्या बिळावर नागोबा. मी थेडीकडे पाहिलं. थेडीनं डाउन्सच्या बुटांकडे पाहिलं. ते माझ्या क्लोव्हरवर होते.

"बघू," थेडी म्हणाला.

बघू. एवढंच. नाही म्हणता आलं असतं. 'ती बाई मेहनत करतेय' म्हणता आलं असतं. मी तार लावली, कालवडी हलवल्या आणि त्याच्याशी एक शब्द न बोलता घरी आले. मला राग आलाय आणि वाईटही वाटलंय, आणि कशाचं जास्त हे सांगता येत नाही.

१४ जून

बूटही न काढता लिहायला बसले.

उद्या थेडीकडे स्टेशन आहे. वाडीतल्या एकेका घरी पाळीनं मिस्सा, म्हणजे पाद्री येऊन घेतात ती प्रार्थना, होते, तिला आम्ही स्टेशन म्हणतो. पाळी आली की घराला रंग लागतो, परसातली भंगार गाडी हलते, न वापरलेल्या कपबशा निघतात. आई गेल्यापासून थेडीनं पाळी दोनदा चुकवली होती. या खेपेला मात्र हो म्हणाला. दाराला हिरवा रंग दिलाय. इथपर्यंत ठीक.

चहा झाल्यावर कुरणावर गेले तर त्याचा ट्रॅक्टर माझ्या कुरणात. मागे कापणी यंत्र. जुलैसाठी म्हणून मी राखलेले रस्त्याकडचे सगळे पट्टे, गुडघाभर उंच, बी धरायला आलेले, सपाट. नुकतं कापलेलं गवत आडवं पडलेलं. उलटं फिरवता येत नाही अशी गोष्ट.

मी तारेखालून आत गेले आणि ओरडले. पंचवीस-सव्वीस वर्षं प्रवाशांवर ओरडून घसा तयार आहे. "थेडी, हे काय केलंस तू?"

त्यानं यंत्र बंद केलं. टोपी काढली. "सगळी वाडी येणार उद्या. माजलेलं दिसत होतं. म्हटलं, तुझ्या कुरणाला कुणी नावं ठेवू नयेत."

"ते माजलेलं नव्हतं, ती माझी शिल्लक होती. जुलैत पाऊस गेला तर कालवडींना काय घालू मी? तुझा हिरवा दरवाजा?"

"मला वाटलं..."

"तुला वाटायचं काम नाही. तू अकरा महिने वाट बघ आणि मग दे डाउन्सला, त्याच्या गायींना असंच दाढी केलेलं कुरण आवडतं."

तो टोपी हातात फिरवत राहिला. ट्रॅक्टर तिथंच सोडून चालत घरी गेला.

चूक त्याची एकट्याची नाही, हे मला माहीत आहे. आमच्याकडे उंच गवत म्हणजे आळशी माणूस. पाद्री दारात येणार म्हटलं की प्रत्येक जण शेताची दाढी करतो. मीही लहानपणी आईबरोबर विळ्यानं बांध साफ केलेत. पण कुरण हे काही पाहुण्यांसाठी मांडलेलं टेबल नव्हे.

१५ जून

गेले स्टेशनला. न जाऊन सांगता कुणाला? माझा गव्हाचा पाव नेला, लोण्यासकट. घर घासूनपुसून लख्ख. खुर्च्या शेजाऱ्यांच्या, मेणबत्त्या नव्या. मिस्सा झाल्यावर फादर खिडकीशी चहा घेत म्हणाले, "थेडी, किती नीटनेटकं केलंय तुम्ही रस्त्याकडचं कुरण." सगळ्यांनी माना डोलावल्या.

थेडी लाल झाला. बघत होता मात्र माझ्याकडे. मी पाव कापत होते. जाड कापला गेला.

२३ जून

फाटक मोकळं असतं. आठ दिवस झाले, थेडी फिरकलेला नाही. बरं झालं. उगीच कुणी पाठीमागे उभं असलं की काम होत नाही.

आज खुंट दोनदा चुकीच्या जागी रोवले. उन्हानं असेल.

८ जुलै

पावसाचा पत्ता नाही. क्लेअरमध्ये पाऊस नाही, हे सांगितलं तर लिमरिकमध्ये कुणी विश्वास ठेवणार नाही. डाउन्सच्या टेकड्या तपकिरी पडल्यात, तो आतापासून हिवाळ्याचा मुरघास खायला घालतोय. माझे मधले पट्टे अजून हिरवे आहेत, पण वाढत नाहीत, आणि त्यांच्या पाळ्या संपत आल्या. रस्त्याकडचे कापलेले पट्टे मी बघायलाही जात नाही. आणखी आठवडाभरानं खायला काही उरणार नाही. पांढऱ्या तोंडाचीला विकायचं मनात आणलं आणि रडू आलं. खरं तेच लिहिते.

९ जुलै

सकाळी दार वाजलं. थेडी. टोपी हातात.

"तुझ्या गायी घेऊन ये," म्हणाला.

"कुठं?"

"घरासमोर."

घरासमोरचं कुरण म्हणजे त्याच्या आईचं. तिच्या वेळेपासून तिथं जनावर गेलेलं नाही. वर्षातून एकदा वाळकं गवत कापून तो शेजाऱ्यांना फुकट देतो, पण आत कुणाला सोडत नाही. या वर्षी कापलेलं नव्हतं. कमरेएवढं होतं.

"स्टेशनला हे का नाही कापलंस?" मी विचारलं.

"तू म्हणाली होतीस ना, शिल्लक." मग घाईनं म्हणाला, "म्हणजे ते नंतर म्हणालीस. आधी वेळ मिळाला नव्हता कापायला."

मी विचारलं, भाड्याचं काय. तो चिडला. चिडलेला थेडी मी प्रथमच पाहिला. "मी भाड्याचं बोललो का?"

त्याच्या खिडकीसमोर पट्टे पाडले. माणसाला आपली चूक कळली की असा वागतो. मी मनानं मोठी, मी माफ केलं.

३ ऑगस्ट

पाऊस आला. त्याआधीच एक नवल बघितलं होतं ते लिहायचं राहिलं. रस्त्याकडचे कापलेले पट्टे. कापलेलं गवत जमिनीवर पांघरुणासारखं पडून राहिलेलं, ते पायानं बाजूला केलं तर खाली माती ओली. त्या उन्हात. आणि पांघरुणातून वर कोवळं, दाट, गडद हिरवं गवत. पावसानंतर तर तिथं असं उसळलंय की सगळ्या वाडीत तेवढंच कुरण हिरवं दिसतं.

मी पहिल्यापासून म्हणतच आले आहे की जमिनीला पांघरूण हवं. कापणीची वेळ अचूक साधली होती.

सोसायटीच्या दुकानातलं टोळकं काल रांगेनं बघून गेलं. त्यातला सर्वांत जुना खोडसाळ मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, पट्टा केवढा ठेवायचा असतो?" मी त्याला सगळं सांगितलं, सावकाश, दोनदा. थेडी फाटकावर होता. पुन्हा यायला लागलाय. मी बोलत असताना तो त्या माणसाकडे असा बघत होता की जणू मी काहीतरी त्याचंच सांगतेय. शेवटी म्हणाला, "अर्धं मागे ठेवायचं. ते विसरू नकोस." वा. आता मालकही शिकवायला लागले.

आज मला माझा अभिमान वाटतो. मोठ्यानं म्हणून पाहिलं, कुरणात. कालवडींची हरकत दिसली नाही.

२४ ऑगस्ट

एक आठवडा उरला. कुरण इतकं चांगलं कधीच नव्हतं, आणि ३१ तारखेला कालवडी बाहेर. सप्टेंबर रिकामा जाईल, म्हणजे जमीन मालकाची हे सगळ्यांना दिसेल, आणि ऑक्टोबरात डाउन्स फाटक उघडेल आणि वर्षभर बंद करणार नाही. पुढच्या मे महिन्यात गांडुळं शोधावी लागतील.

असुंता म्हणते, "अगं, मग विचार ना त्याला. जीभ काय लिमरिकला ठेवून आलीस?"

मी विचारणार नाही. ज्याला दिसतं त्याला विचारावं लागत नाही, आणि ज्याला दिसत नाही त्याला विचारून काय उपयोग. कालवडी बाजाराला न्यायला ट्रक सांगून ठेवलाय. थेडी रोज चहाच्या वेळी येतो, कालवडी बघतो. आज त्यानं पांढऱ्या तोंडाचीला नावानं हाक मारली. मी तिला नाव ठेवलेलं नाही. त्यानं 'राणी' म्हटलं, आणि ती गेली त्याच्याकडे.

मी घरी येताना गाडी कडेला लावून थोडी बसले. मग आले.

३१ ऑगस्ट

असुंता काठी घेऊन मदतीला आली होती. कालवडी रस्त्यानं हाकत घरी न्यायच्या, संध्याकाळी ट्रक. कुरणापाशी पोचलो तर फाटक गवताचे गठ्ठे बांधायच्या निळ्या दोरीनं गच्च बांधलेलं. आणि फाटकाला पाठ लावून थेडी. इस्त्रीचा सदरा.

"दोरी सोड," मी म्हटलं.

"नाही."

"थेडी, आज शेवटचा दिवस आहे."

"माझ्या घरी कॅलेंडर आहे."

"उद्या बारावा महिना लागतो. या कालवडी आत राहिल्या तर..."

"राहिल्या तर काय होतं ते मला माहीत आहे. बापानं मला आयुष्यात तेवढंच एक शिकवलं."

"डाउन्सला काय सांगशील?"

"सांगितलं. मार्चमध्येच सांगितलं होतं, परत मे महिन्यात सांगितलं, परत काल. बहिरा आहे तो."

मला एकदम खडी आठवली, का कोण जाणे. विचारायचं होतं, पण दुसरंच तोंडातून गेलं. "बारावा महिना लागला की कूळ हलत नाही, थेडी. देवाच्या बापालाही हलवता येत नाही. तुला कळतंय का तू काय बोलतोयस?"

त्यानं टोपी काढली. कुरणाकडे पाहिलं, कालवडींकडे पाहिलं, सगळीकडे बघून झाल्यावर माझ्याकडे पाहिलं.

"लागू दे," म्हणाला.

असुंता रस्त्यातच उभी राहून नाक शिंकरायला लागली. तिला गवताचा त्रास होतो.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदानंच आलं, इथं काय लपवायचं. अख्खं कुरण समोर पसरलेलं होतं, लव्हाळ्याची एक काडी नाही, क्लोव्हर दाट, आणि ते माझ्याकडेच राहणार होतं. मी इतकं चांगलं काम केलं होतं की थेडी हेहिरसारख्या माणसानं बापाचा शब्द मोडला. चहाची वेळ झाली होती आणि कालवडी पुढच्या पट्ट्यासाठी तारेशी येऊन उभ्या होत्या.

"मग असा उभा काय राहिलास," मी म्हटलं. "ते टोक धर. तार ढिली पडतेय."

त्यानं दोरी सोडली, माझ्या मागोमाग आत आला आणि टोक धरलं.